‘दहापैकी नऊ जणींना फरक जाणवला’ म्हणजे नक्की काय झालं?

पत्र

ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे. ऑफिसात हिशेबाचं काम बघते. दुसऱ्याच्या बिलातली चूक मला लांबून दिसते, आणि तरीही माझ्या कपाटातला एक आख्खा खण अशा वस्तूंनी भरलाय ज्यांचा काडीचाही उपयोग झालेला नाही. गालांवर वांग आले म्हणून सीरम घेतलं. त्यावर लिहिलं होतं, ‘चार आठवड्यांत उजळ त्वचा. दहापैकी नऊ स्त्रियांना फरक जाणवला.’ मी तीन बाटल्या संपवल्या, वांग आहेत तिथेच आहेत. मोठ्या आजारपणानंतर केस मुठीमुठीने गळायला लागले म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांचा मात्र गुण आला असं वाटतं. पोटासाठी घाम काढणारा पट्टा आणला. नवरा हसतो. ‘तुला कोणीही काहीही विकेल’ म्हणतो. तेही सोडून दिलं असतं, पण आता माझी १७ वर्षांची मुलगी त्याच वाटेला लागलीय. मैत्रिणीकडून तिनं एक क्रीम आणलंय. डबीवर धड काही लिहिलेलंही नाही, पण आठ दिवसांत रंग उजळला म्हणून ती खूश आहे. मी तोंड उघडलं की म्हणते, ‘तू कुठे कमी घेतेस?’ हे सगळं साफ खोटं असतं का? मग कायदा हे चालवून कसं घेतो? आणि मुलीला मी कोणत्या तोंडानं सांगू?

— एक हिशेबनीस आई

उत्तर

नमस्कार. आधी त्या डबीचं बघू. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही.

तुमच्या खणातल्या वस्तूंनी काही झालं नाही, ही तुमची तक्रार. मुलीच्या क्रीमनं काहीतरी झालं, ही माझी काळजी. साधं सौंदर्यप्रसाधन आठ दिवसांत रंग बदलत नाही. लेबल नसलेल्या आणि झटपट रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलेल्या गोष्टी म्हणजे पारा, तीव्र स्टेरॉइड आणि न सांगता घातलेलं हायड्रोक्विनोन हे रंग उतरवणारं औषध. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच अडवतो, त्यामुळे रंग खरोखर उतरतो. आणि तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा करतो. त्याची वाफ होते, तो टॉवेलला, उशीला लागतो, म्हणून क्रीम न लावणाऱ्या घरच्यांनाही तो भोवू शकतो. २०१३ च्या मिनामाता आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांवर बंदीची तरतूद झाली ती याचसाठी. स्टेरॉइडची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात. क्रीम बंद केलं की लाली आणि पुरळ उसळतं, माणूस घाबरतो आणि पुन्हा तेच लावायला घेतो.

म्हणून डबी कचऱ्यात टाकू नका आणि तिच्यावरून घरात महाभारतही नको. क्रीम आजपासून लावायचं नाही, आणि मुलीसह डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं. ‘बंद केल्यावर चेहरा काही दिवस बिघडलेला दिसू शकतो, तो सावरायला डॉक्टर हवेत’ हे तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर लाली दिसली की ती गुपचूप परत त्या डबीकडे वळेल. तिला क्रीम देणाऱ्या मैत्रिणीलाही हे कळायला हवं. ते काम तुमच्यापेक्षा तुमची मुलगी चांगलं करेल.

आता तुमचा प्रश्न. साफ खोटं असतं का? क्वचित. साफ खोट्याला पकडणं सोपं असतं. रीबॉकने ‘इझीटोन’ नावाचे बूट विकताना सांगितलं होतं की साध्या चालण्याच्या बुटांपेक्षा यांनी नितंबांच्या स्नायूंना २८ टक्के जास्त काम होतं. इतका नेमका आकडा दिला की कुणीतरी पुरावा मागणारच. अमेरिकेत फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने तो मागितला, आणि २०११ मध्ये कंपनीने २.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्याचं मान्य केलं. पुढच्याच वर्षी स्केचर्सच्या ‘शेप-अप्स’ बुटांचं प्रकरण ४ कोटी डॉलरवर मिटलं. त्यातली एक बाब मला फार आवडते. जाहिरातीत एक कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर हातांनी उपचार करणारा, ‘स्वतंत्र’ अभ्यासाच्या आधारे बुटांची शिफारस करत होता. आयोगाने उघड केलं की त्याची बायको कंपनीच्या मार्केटिंग विभागात अधिकारी होती. त्याच सुमाराला तोल सावरण्याची ताकद देणारं म्हणून मनगटावर घालायचं एक रबरी कडं जगभर खपत होतं, पॉवर बॅलन्स. २०१० च्या शेवटी ऑस्ट्रेलियात कंपनीला जाहीर कबुली द्यावी लागली की या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही.

यातून बाकीच्यांनी धडा घेतला. आकडा आणि क्रियापद असं निवडायचं की कुणी कोर्टात खेचलंच तर एकही शब्द खोटा ठरू नये. तुमच्या सीरमवरचं वाक्य त्याच घाटणीचं आहे. ते तुम्ही ऑफिसात बिल तपासता तसं ओळीओळीनं बघा.

‘दहापैकी नऊ’. कोणत्या दहापैकी? कंपनीने वापरायला दिलेल्या स्त्रियांपैकी. त्या तीनशे होत्या की तीस, हे एवढ्या बारीक अक्षरात असतं की चष्मा पुसावा लागतो. ‘जाणवला’. कुणाला? त्यांना स्वतःला. म्हणजे यंत्रानं डागांचा गडदपणा मोजलेला नाही, डॉक्टरांनी पाहिलेलं नाही. प्रश्नावलीत ‘तुमची त्वचा अधिक तजेलदार वाटते का?’ याच्यापुढे खूण केलेली आहे. फुकट मिळालेलं, सुंदर बाटलीतलं सीरम महिनाभर निगुतीनं लावल्यावर ‘नाही’वर खूण करायला मन धजत नाही. आणि ‘फरक’. कशाच्या तुलनेत? इथे बिलाचा सगळ्यात मोठा रकाना कोरा आहे. सीरममध्ये बहुधा ग्लिसरीन असतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, कोरडी त्वचा काही तासांत टवटवीत दिसते, बारीक सुरकुत्या भरल्यासारख्या वाटतात, उजेड चांगला परावर्तित होतो म्हणून चेहरा उजळही दिसतो. कुठल्याही साध्या मॉइश्चरायझरनं हे होतं. निम्म्या स्त्रियांना साधं क्रीम आणि निम्म्यांना हे सीरम, कुणाला काय दिलंय ते त्यांना न सांगता दिलं असतं, तर कदाचित दोन्हीकडे दहापैकी नऊच आल्या असत्या. तो प्रयोग केला की नाही, हे वाक्य सांगत नाही. जे सांगतं ते मात्र खरं आहे.

‘वांग’ हा शब्द त्यात कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? ‘उजळ त्वचा’ त्यांनी लिहिलं, ‘माझे वांग जातील’ हे तुम्ही वाचलंत. तुमचाच काय, कुणाचाही मेंदू रिकामी जागा स्वतःच्या दुखण्यानं भरतो. वाक्य लिहिणाऱ्याला त्याचाच पगार मिळतो.

कायदा चालवून कसं घेतो, याचं उत्तरही यातच आहे. बहुतेक देशांत कायदा दोन खाती करतो. दिसणं बदलतं ते प्रसाधन, शरीराची क्रिया बदलतं किंवा आजार बरा करतं ते औषध. औषधाला बाजारात येण्याआधी परिणाम सिद्ध करावा लागतो, प्रसाधनाला साधारणपणे नाही. ‘रंगद्रव्याची निर्मिती थांबवून वांग बरे करते’ असं कंपनीने लिहिलं तर ते सीरम औषधाच्या खात्यात जातं. म्हणून लिहितात, ‘डागांचं दिसणं कमी करण्यास मदत करते’. हे अवघडलेलं मराठी अनुवादकाच्या हातून घडलेलं नसतं. मूळ वाक्यातच वकील बसलेला असतो. ‘मदत करते’, ‘पर्यंत’, ‘दिसणं’, ‘जाणवतं’ हे शब्द दिसले की समजायचं, इथे कंपनीला तिच्याच वकिलानं पुढे जाऊ दिलेलं नाही. कधी कधी जाहिरात त्या वकिलाच्या हातून निसटते. लोरेआलच्या काही क्रीमांनी जनुकांच्या पातळीवर काम करून त्वचा तरुण करण्याचा दावा केला होता. २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून, पुराव्याविना असे दावे करणार नाही असं कंपनीला लिहून द्यावं लागलं. गोळ्या आणि पावडरींच्या बाबतीत तर अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराला विक्रीपूर्वी परिणाम सिद्ध करण्यातून मोकळंच सोडलेलं आहे.

‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं’ यात निकाल काय लागला ते नसतं. ‘हायपोअलर्जेनिक’चं तर नशीब बघा. १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की हा शब्द वापरायचा तर चाचणी करून दाखवा. दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे त्या शब्दाचा अर्थ कंपनी ठरवेल तो.

सीरमच्या मागची घटकांची यादी बघायला एक युक्ती सांगते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, पण एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे उत्पादन टिकवणारं द्रव्य बहुतेक यादीत सापडतं, आणि युरोपसह अनेक ठिकाणी त्याला एक टक्क्याची मर्यादा आहे. त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते साधारण एक टक्का किंवा कमी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मिरवणारी फुलं आणि मोती तिथे, शेपटाला, सापडतात. अर्थात याचाही फार बाऊ नको, रेटिनॉलसारखी काही द्रव्यं एक टक्क्याच्या खालीच काम करतात.

वांगाचं खरं औषध असं नाही की एकदा लावलं आणि गेले. ऊन आणि संप्रेरकं ही त्याची मुळं. त्यामुळे पहिली गोष्ट सनस्क्रीन, तीही भरपूर. एसपीएफ ३० योग्य प्रमाणात लावलं तर त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. हा मधला एक टक्का जाहिरातीत किती मोठा होतो ते बघा. पण बहुतेक जण निम्म्याहून कमी लावतात, मग बाटलीवरचा आकडा आपल्या चेहऱ्यावर उतरत नाही. वांगावर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशाचाही परिणाम होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी. पुढची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुलीसोबत जालच, तेव्हा स्वतःचाही चेहरा दाखवा.

पट्ट्याचं थोडक्यात. घाम म्हणजे पाणी, चरबी नव्हे. काट्यावर कमी झालेलं वजन दोन ग्लास पाण्यात परत येतं. आणि ‘पोटाचीच चरबी’ कमी करण्याचा दावा कुणीही केला, मग तो पट्टा असो, व्यायाम असो की मलम, तर १९८४ चा एक अभ्यास आठवायचा. त्यात पुरुषांना २७ दिवसांत ५,००४ सिट-अप्स घालायला लावले आणि पोट, पाठ, नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी तपासल्या. पेशी लहान झाल्या, पण तिन्हीकडे सारख्याच. पोटाला काही खास सवलत मिळाली नाही. स्नायू बळकट झाले असतील तो फायदा खराच, पण त्यासाठी पट्टा लागत नाही.

आणि तुमच्या यजमानांबद्दल. ते पावलं मोजणारं मनगटी घड्याळ वापरतात का? रोज दहा हजार पावलं पूर्ण करून झोपतात का? असेल तर त्यांना सांगा की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचं मापक’, या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो आला. हजारो वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका अमेरिकी पाहणीत दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर आलेख सपाट झाला. घड्याळ दाखवतं त्या कॅलरीही अशाच. स्टॅनफर्डमध्ये २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली, त्यांत कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात बऱ्या यंत्राची चूकसुद्धा सरासरी २७ टक्के निघाली. चालणं उत्तमच आहे, त्यांनी चालत राहावं. हसणं तेवढं कमी करावं.

आता केसांचं. तुम्ही म्हणता, बायोटिनचा गुण आला. मोठ्या आजारपणानंतर, तापानंतर, बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्यानं गळायला लागतात. मुळं एकाच वेळी विश्रांतीच्या टप्प्यात गेलेली असतात. नेमकं तेव्हाच आपण घाबरून काहीतरी सुरू करतो. मूळ कारण संपलं असेल तर पुढच्या काही महिन्यांत ही गळती बहुतेकींची आपोआप थांबते. मधल्या काळात जे काही चालू असेल, गोळी, तेल, मसाज, नवस, त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. तुमच्या बाबतीत हेच झालं असावं असा माझा अंदाज. बायोटिनची कमतरता निरोगी माणसात दुर्मीळ आहे, आणि ती नसताना वरून घेतलेल्या बायोटिननं केस वाढतात याचा भक्कम पुरावा नाही.

‘घेतलं तर बिघडतं काय?’ बिघडतं, आणि हे पाकिटावर सहसा नसतं. रक्ताच्या अनेक चाचण्यांच्या रसायनांमध्ये बायोटिन हाच एक दुवा असतो. रक्तात ते फार असलं की चाचणीचं उत्तर चुकतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याची जाहीर सूचना काढली, कारण हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणी यामुळे खोटी कमी येऊ शकते, आणि अशा चुकीशी जोडलेल्या एका मृत्यूची नोंद त्यांच्याकडे आली होती. थायरॉइडचंही तसंच. बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच कमी आणि टी-फोर जास्त दिसू शकतं, म्हणजे थायरॉइड अतिक्रियाशील असल्याचं खोटं चित्र तयार होतं. केस गळतात म्हणून डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगतात, आणि केस गळतात म्हणूनच आपण बायोटिन घेत असतो! तुमची अशी तपासणी अलीकडे झाली असेल, तर गोळ्यांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढची करायची असेल तर किती दिवस आधी बंद करायच्या तेही त्यांनाच विचारा.

म्हणजे सगळंच टाकाऊ का? नाही. सनस्क्रीन, सुरकुत्यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन, मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड, आनुवंशिक टक्कल पडण्यावर मिनॉक्सिडिल, कोरड्या त्वचेला साधं पेट्रोलियम जेली, ताकदीच्या व्यायामासोबत क्रिएटिन, यांना चांगला पुरावा आहे. त्यांच्या पाकिटावरची भाषा बघितलीत तर ती रुक्ष असते: किती टक्के, कशासाठी, किती महिन्यांनी, काय त्रास होऊ शकतो. मिनॉक्सिडिलवर तर सुरुवातीला केस जास्त गळू शकतात असंही लिहितात. अशी कबुली देणाऱ्या पाकिटावर माझा विश्वास लवकर बसतो.

यापुढे काही नवीन घ्यावंसं वाटलं, आणि वाटेलच, तर एका वेळी एकच घ्या आणि चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर लावा. उजव्या गालावर नवीन, डाव्यावर नेहमीचं. पहिल्या दिवशी फोटो, मग दर दोन आठवड्यांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी. संशोधकही असा प्रयोग करतात. दोन महिन्यांनी फोटो अशा माणसाला दाखवा ज्याला कोणता गाल कोणता ते माहीत नाही. ते काम यजमानांना द्या, त्यांनाही थोडा अभ्यास होईल.

मुलीला कोणत्या तोंडानं सांगायचं? याच तोंडानं. ‘तू कुठे कमी घेतेस’ हा टोमणा आहे तसा स्वीकारा. तो खण तिच्यासमोर उघडा आणि एकेक बाटली हातात देऊन तिलाच विचारा, हे वाक्य नक्की काय कबूल करतंय? सतरा वर्षांच्या मुलीला उपदेश नको असतो, पण मोठ्यांना कुणी कसं गुंडाळलं हे शोधायला तिला फार आवडेल. तिला एक काम द्या: एका ग्लास साध्या पाण्याची जाहिरात लिही, पण त्यात एकही शब्द खोटा नको. थोड्या वेळात ती असं काहीतरी लिहून आणेल: ‘प्रत्येक पेशीला आवश्यक. शून्य कॅलरी. पॅराबेन नाही, सल्फेट नाही. जगभरचे डॉक्टर स्वतः वापरतात. त्वचेतली आर्द्रता टिकवण्यास मदत करते. फरक पहिल्या वापरापासून जाणवतो.’ मग तुमच्या सीरमची बाटली उलटी करून घटकांच्या यादीतलं पहिलं नाव तिला वाचायला सांगा. बहुधा ‘ॲक्वा’ असेल, म्हणजे पाणीच.

फोटोंबद्दलही तिच्याशी बोला, कारण तिच्या वयात वाक्यांपेक्षा चेहरे जास्त विकले जातात. २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने फाउंडेशनच्या, म्हणजे चेहऱ्याच्या मेकअपच्या, दोन जाहिराती बंद केल्या. एकीत अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स होती, दुसरीत मॉडेल क्रिस्टी टर्लिंग्टन. फोटोवर संगणकाने किती हात फिरवला आणि उत्पादनाने किती, हे कंपनीला दाखवता आलं नाही. जगातल्या नावाजलेल्या सुंदर बायकांचे चेहरेसुद्धा जसेच्या तसे छापायला त्यांना पुरेसे वाटले नाहीत, हे सतरा वर्षांच्या मुलीला कळलं की तिच्या आरशाचा काच जरा कमी होतो.

उरलेल्या सीरमनं जळजळ होत नसेल तर हातांना लावून संपवा, मॉइश्चरायझर म्हणून ते वाईट नसावं. बायोटिनचं पाकीट डॉक्टरांकडे जाताना पर्समध्ये ठेवा. आणि सीरमच्या कंपनीला एक मेल टाका: अभ्यासात किती स्त्रिया होत्या, त्यांची निवड कुणी केली, तुलनेला दुसरा गट होता का, ‘उजळ’ कशानं मोजलं, अहवाल वाचायला मिळेल का. उत्तर आलं तर मला जरूर पाठवा, या सदरात छापू.